आधी चित्र, मग नाव

पोतनीस बाईंकडे मी आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि ती त्यांनी दिली नाही.

मंदाचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत. मंदा म्हणजे माझी बायको. तिच्या छातीत गाठ आली होती. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता, आणि डॉक्टरनं मला आणि आमच्या रेखाला आत बोलावून, दार लोटून सांगितलं होतं. मंदा तेव्हा बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईला मेथीच्या लाडवात गूळ किती घालायचा ते सांगत होती.

आमची रेखा देवासला दिलेली. तिनं तिथंच ठरवलं, आईला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. आमच्याकडे असंच करतात. माझ्या बापालाही सांगितलं नव्हतं. पोटात अल्सर आहे म्हणत म्हणत तो गेला, आणि चांगला गेला.

बाई खिडकीशी बसून जुन्या धोतराच्या फडक्यानं आरसा पुसत होत्या. मी म्हटलं, "बाई, मंदा तुमच्याकडे रोज येते. तिला साधी गाठ आहे असं सांगितलंय. तुम्हीही तेच सांगायचं."

"मी काहीच सांगणार नाही."

"आणि तिनं विचारलं तर?"

"विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"एक शब्द आहे, बाई. साधी. एवढंच म्हणायचंय."

"मी पाहिलीय का ती गाठ, गणपतराव? न बघता तिला साधी कशी म्हणू?"

मी परत फिरलो. त्या दिवसापासून मंदा समोर गेली की ती परत येईपर्यंत मी दाराशी बसून राहायचो. तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघायचो. आमच्या आणि बाईंच्या घरात गल्ली एवढीच की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला थांबावं लागतं. एवढं अंतर मला कधी जास्त वाटलं नव्हतं. तेव्हा वाटायला लागलं.

गेल्या महिन्यात खंडव्याहून त्यांच्या भाचीचा फोन आला, बाई गेल्या. आपल्या मंडळाच्या लोकांनी मला धरलं, तुम्ही समोर राहत होतात, तुम्ही लिहा. बाकीचे लिहितीलच की बाई थोर होत्या. मी जे पाहिलं ते लिहितो. थोर होत्या की नव्हत्या ते वाचणाऱ्यानं बघावं. मला त्यांचा राग होता, आणि तो सगळा गेलाय असं नाही.

बाई उंच, हाडकुळ्या. लग्न केलं नाही. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि पदराला कायम गुलाबी-जांभळे डाग. बायकांना वाटायचं शाईचे आहेत. ते काचेवर घालायच्या रंगाचे असत. सांवेरच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या, बसनं रोज जाऊन-येऊन. बसमधून उतरल्या की त्यांच्या डब्यात काय निघेल त्याचा नेम नसे. एकदा मंदानं डबा घासायला म्हणून उघडला तर आत मातीसकट सोयाबीनची मुळं. मुळांना बारीक बारीक गाठी.

"ताई, ही कीड का?"

"नाही गं. ह्या चांगल्या गाठी. ह्या झाडाला पोसतात."

मंदाला आम्ही 'साधी गाठ' म्हणून सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "सोयाबीनसारखी म्हणा की." मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो?

बाईंचं सगळं घर एका टेबलाभोवती होतं. टेबलावर काळा-पितळी मायक्रोस्कोप, शाळेनं मोडीत काढलेला. बल्ब नाही. खाली गोल आरसा, तो फिरवून खिडकीतलं सकाळचं ऊन पकडायचं. ऊन सरलं की बाई त्यावर टोपी घालायच्या, मंदानं जुन्या रजईची शिवून दिलेली. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी काच. ही काच म्हणजे बोटाएवढी लांब पट्टी, तिच्यावर कशाचा तरी पापुद्रा. आणि नियम एकच. काचेवर काय आहे ते बाई सांगायच्या नाहीत. आधी बघा, दिसतं तसं कागदावर काढा, मग नाव विचारा.

रिटायर झाल्यावर त्या भंवरकुआंला कोचिंगमध्ये शिकवायला जायच्या. तिथली डॉक्टर होऊ बघणारी पोरं-पोरी रविवारी घरी यायची. एकदा देपालपुरकडची एक मुलगी आली. बाईंनी कांद्याचा पापुद्रा लावून दिला. मुलीनं झरझर चित्र काढलं, विटांसारख्या पेशी आणि प्रत्येकीत एक काळा ठिपका.

"ये बीच में क्या है?"

"मैम, केंद्रक."

"दिखा तुझे?"

"किताब में है, मैम."

"किताब यहाँ आके झाँकी थी क्या? मिटा दे."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मंदानं तिला पाण्याचा ग्लास दिला. बाई म्हणाल्या, "रो ले, फिर देख." मग त्यांनी काचेवर आयोडिनचा थेंब सोडला. मुलगी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. "मैम, अब आया." "अब बना," बाई म्हणाल्या.

मला ते पटलं नाही. मी दाराशी उभा होतो, म्हटलं, "बाई, पोरगी शेवटी बरोबरच होती ना? उगाच रडवलंत."

"बरोबर असणं वेगळं, बघणं वेगळं," त्या म्हणाल्या. त्यांचं असंच असे. तोंडावर सांगून मोकळ्या.

बाईंना देवाच्या गोष्टी येत नव्हत्या. त्यांच्या गोष्टी पेशींच्या. पेशी कुणी पाहिल्या, कुणी कुणाचं ऐकलं नाही, कोण चुकला. त्या गोष्टी त्या गल्लीतल्या भांडणांसारख्या सांगायच्या. त्या माणसांची नावं त्यांना पाठ होती, मला एकही राहिलं नाही. मी त्यांना कामावरून ओळखतो.

पहिला बुचवाला. विलायतेतला. साडेतीनशे वर्षं झाली असतील. त्यानं बाटलीच्या बुचाचा पातळ काप काढला, भिंगाखाली धरला आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली. त्यानं त्यांना खोल्यांचं नाव दिलं. तेच नाव आजपर्यंत चाललंय. "पण गंमत बघ मंदा," बाई म्हणायच्या, "बूच म्हणजे मेलेली साल. त्यानं नुसत्या भिंती पाहिल्या."

"मग आत राहणारे?"

"ते कधीच गेले होते."

मला आठवतं, मंदा त्या वेळी मक्याचे भुट्टे किसत होती आणि तिनं किसणी खाली ठेवली.

दुसरा कापडवाला. हा मला बरा वाटायचा. हॉलंडचा दुकानदार, कापडातले धागे बघायला भिंग वापरायचा. तसलं घडीचं भिंग मिलमध्ये माझ्याही खिशात असे, आमच्या खात्यात कापड तपासायचं काम होतं. त्यानं मात्र कापडावर न थांबता पाणी बघितलं, रक्त बघितलं, दातांवरचा मळ बघितला, आणि त्यात जिवंत वळवळणारं सापडलं. मोठमोठ्या विद्वानांना पत्र लिहून कळवलं तर त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. माणसं पाठवली त्याच्या घरी, खरंच दिसतं का बघायला.

ही गोष्ट बाईंनी कोजागरीला आमच्या गच्चीवर सांगितली आणि दुसऱ्या सकाळी कोरणं घेऊन दारात हजर. "गणपतराव, तुमच्या दातांवरचं द्या. तंबाखू खाणाऱ्याचं उत्तम."

"चला, काहीतरी काय बाई."

मंदानं माझा जबडा धरला. खरंच धरला, वासराचा धरावा तसा. "आ करा. एवढं तरी कामाला या." बाईंनी कोरण्यानं मळ काढला आणि दोघी पळाल्या. थोड्या वेळानं समोरच्या खिडकीतून मंदा ओरडली, "अहो, या, बघा, तुमच्या तोंडात जत्रा भरलीय."

मी गेलो नाही. म्हटलं, माझ्या तोंडात काय आहे ते मला बघायचं नाही. त्या मायक्रोस्कोपला मी डोळा लावलाच नाही कधी. बाई दर वेळी म्हणायच्या, या, बघा. मी दर वेळी म्हणायचो, तुम्ही बघितलंत, बस झालं.

पुढं दोन जर्मन होते, एक झाडांचा आणि एक जनावरांचा. जेवण झाल्यावर गप्पा मारताना त्यांच्या लक्षात आलं की झाड काय आणि जनावर काय, सगळं पेशींचंच बनलेलं आहे. हे कळायला मध्ये जवळजवळ दोनशे वर्षं गेली. पण नवी पेशी येते कुठून, हे त्यांनी चुकीचं सांगितलं. त्यांना वाटलं, पाकातून खडीसाखर जमते तशी ती आपोआप जमते. मग आणखी एक आला, त्यानं डोळ्यांनी पाहिलं की एका पेशीच्या दोन होतात. त्याच्या धर्मामुळे त्याला मोठी जागा मिळत नव्हती, त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या एका बड्या डॉक्टरनं तेच मोठ्यानं म्हटलं, पेशी पेशीतूनच येते, आणि नाव त्याचं झालं. ह्या जागी बाईंचा आवाज चढायचा. जणू त्या माणसाचं प्रमोशन त्यांच्याच शाळेत अडवलं होतं.

ह्याच गोष्टींपायी त्यांनी कोचिंग सोडलं. परीक्षेच्या सरावाला प्रश्न आला, पेशीचा शोध कोणी लावला. उत्तर बुचवाला. बाईंनी वर्गात सांगितलं, त्यानं भिंती पाहिल्या, जिवंत आधी पाहिलं ते कापडवाल्यानं, आता तुम्ही ठरवा शोध कशाला म्हणायचं. पोरं घाबरली. परीक्षेत ठरवायचं नसतं, टिक करायची असते. कोचिंगचा मालक म्हणाला, "मैम, हिस्ट्री घर पे पढ़ा लेना. यहाँ ऑप्शन बी बोलो और आगे बढ़ो." बाईंनी खडू टेबलावर ठेवला आणि घरी आल्या. मंदाला म्हणाल्या, "बरं झालं, आता रोज सकाळचं ऊन मिळेल."

त्या उन्हात मंदा त्यांच्यासोबत बसायला लागली. मंदाचा हात रांगोळीचा. दिवाळीत आमच्या दारापुढे लोक थांबायचे. बाईंना शाळांसाठी तक्ते करायचे होते आणि त्यांची चित्रं म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा मंदानं पेन्सिल धरली. डावा डोळा नळीला, उजवा कागदावर, हात चाललेला. पान, मूळ, गालाच्या आतली कातडी, ग्रंथी. तिला एकाही गोष्टीचं इंग्रजी नाव येत नव्हतं. ग्रंथीचा तक्ता तर बाईंनी भिंतीवरच लावला. गोल गोल कडी, प्रत्येक कड्याला आतून पेशींची एकसारखी ओळ. मंदा म्हणायची, "ही बघा, मोत्यांच्या बांगड्या."

आता कळलं असेल की मला भीती कशाची होती. मंदा रोज अशा बाईशेजारी बसत होती जी कांद्यातल्या ठिपक्यापुरतंसुद्धा खोटं चालवून घेत नव्हती.

पहिले काही दिवस गेले. मंदा विचारत नव्हती. पण तिचं बोलणं कमी झालं. औषधाची बाटली हातात घेऊन ती उलटीसुलटी बघायची. मी म्हणायचो ताकदीचं आहे. पुढं इंजेक्शनं सुरू होणार होती, तीही ताकदीची म्हणून सांगायची असं रेखानं आणि मी ठरवलं होतं. बाईंचंही मंदासमोर बोलणं कमी झालं. मी गल्लीत कान लावून असायचो. समोरून नुसता पेन्सिलीचा आवाज यायचा. एकदा मी बाईंना दुधाच्या गाडीपाशी गाठलं.

"विचारलं का तिनं?"

"नाही."

"विचारील असं वाटतं?"

"मला वाटतं, ती तुम्ही सांगायची वाट बघतेय."

"तुम्हाला वाटतं ते राहू द्या बाई. तुम्ही बघितलेलं नाही ना?" त्यांचंच वाक्य मी त्यांना परत दिलं. त्यांनी पातेलं उचललं आणि गेल्या.

डॉक्टर म्हणाला होता, तुकड्याच्या काचा एकदा मुंबईला दाखवून घ्या. जावई रविवारी जाणार होता. रिपोर्टचा कागद रेखा देवासला घेऊन गेली. मंदाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी म्हटलं कागद घरात नको. काचांची प्लास्टिकची डबी मात्र माझ्याकडे राहिली. मला वाटलं, काच ती काच, तिच्यावर काय लिहिलेलं असतं? डबी मी माझ्या दाढीच्या डब्यात ठेवली. तिथं मंदा कधी हात घालत नसे.

छातीला पट्टी होती म्हणून तिला ब्लाऊज घट्ट व्हायला लागलं होतं. मी मेडिकलवर गेलो असताना तिनं शिवण उसवायला घेतली. शिवण उसवायला ब्लेड लागतं.

मी आलो तर आमचं दार सताड उघडं. खाटेवर अर्धवट उसवलेलं ब्लाऊज. दाढीचा डबा उघडा. मी समोर बघितलं. बाईंच्या खिडकीत मंदाची पाठ.

गल्ली मी कशी ओलांडली आठवत नाही. आत गेलो तर मंदा नळीला डोळा लावून बसलेली, हात कागदावर चालू. बाई तिच्या मागं उभ्या, हात पाठीमागं, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणजे त्यांनी आधी बघितलं होतं.

"मंदा, ऊठ," मी म्हटलं.

ती हलली नाही.

"मंदा, घरी चल म्हणतो ना."

"गणपतराव," बाई हळू म्हणाल्या, "ती बघतेय."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"ताईंनी काही सांगितलं नाही," मंदा नळीतून डोळा न काढता म्हणाली. "मी विचारलं, ही काच कशाची. ह्यांच्या दाढीच्या डब्यात होती. त्या म्हणाल्या, आधी काढ. मी काढतेय. तुम्ही उजेडातून बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. काय करणार? मोठ्या माणसाचा हात धरून ओढायचं का? पंखाही बंद होता, कागद उडू नये म्हणून. मी बाईंकडे बघत होतो. डोळ्यांनी म्हणत होतो, एक शब्द बोला, काहीही नाव सांगा, बकरीचं म्हणा, कुणाचंही म्हणा. त्यांनी माझी नजर चुकवली नाही. नुसतं नाही म्हणून मान हलवली. ऊन सरकलं तसा मंदानं आपणच आरसा फिरवून घेतला आणि पुन्हा डोळा लावला.

झालं तेव्हा तिनं पेन्सिल ठेवली. उठली, भिंतीवरचा ग्रंथीचा तक्ता काढला आणि आपल्या कागदाशेजारी टेबलावर ठेवला. मलाही दिसत होतं. एकीकडं त्या मोत्यांच्या बांगड्या. दुसरीकडं बांगडी नाहीच. लहान-मोठे, वेडेवाकडे ठिपके, एकमेकांच्या अंगावर चढलेले, रेषा मोडून बाहेर पडलेले. मंदा बोट फिरवत राहिली.

"ताई, मी चुकीचं काढलं का?"

बाई कागदावर वाकल्या. "नाही. जसं आहे तसंच काढलंस."

"ही रांगोळी सांडलीय."

बाईंनी मुठीतलं पदराचं टोक सोडलं.

"मग हे माझं आहे," मंदा म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "आणि बाहेरून आलेलं नाही. पेशी पेशीतूनच येते म्हणता ना तुम्ही? माझ्यातूनच झालंय." मग तिनं काच फडक्यानं धरून डबीत ठेवली, डबी माझ्या हातात दिली. "ठेवा जागेवर. आणि गॅसवर दूध आहे, ते बघा आधी."

दूध उतू गेलं होतं.

मी बाईंशी बोलणं टाकलं. मंदा जात राहिली, चालवत होतं तोवर. इंजेक्शनं झाली, केस गेले. डॉक्टरला सगळं तिनंच विचारलं, माझ्यादेखत, तोंडावर. रेखा म्हणते, आईला कळलं ते बरं झालं. मी म्हणत नाही. तिला आणखी थोडे दिवस निवांत मिळाले असते, असं मला अजून वाटतं. मंदाला मी तसं म्हटलंही, दवाखान्यात. ती म्हणाली, "आणि मी एकटी मेले असते, तुम्ही शेजारी बसलेले असताना." मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

मंदाच्या तेराव्याला बाई आल्या, फोटोपाशी बसल्या, गेल्या. मी चहा विचारला नाही.

नंतर त्यांचे डोळे गेले. पडदा खराब झाला, ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. माझ्या दारातून मला दिसायचं. सकाळी त्या रजईची टोपी काढायच्या, आरसा फिरवायच्या आणि तळहात आरशापुढे धरून उन्हाची ऊब कुठं लागते ते चाचपत बसायच्या. ऊब लागली की हात तिथंच धरून ठेवायच्या. नळीला डोळा लावायच्या नाहीत. लावून उपयोग नव्हता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाईंचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मला दिसत होतं ना.

खंडव्याची भाची त्यांना न्यायला आली त्या दिवशी तिनं मला हाक मारली. "काकाजी, मावशी विचारतेय, दोन मिनिटं याल का?"

मी चपला काढून आत गेलो. सामान बांधून झालं होतं. मायक्रोस्कोप तेवढा टेबलावर. बाई खुर्चीत, तोंड खिडकीकडे.

"गणपतराव का? काचा सगळ्या डब्यात भरल्या, एक नळीखाली राहिलीय. कुठली ते मला कळत नाही. तुम्ही बघा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाहीये. बघायचंय."

भाची टॅक्सीत पिशव्या ठेवत होती. मी वाकलो. मंदा बसायची त्याच स्टुलावर बसलो. आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. बाईंनी सांगितलं तसं चाक फिरवलं, आणि एकदम आलं. खोल्या. एकाला एक लागून, ओळीनं, भिंती काळ्या-तपकिरी.

"खोल्या आहेत," मी म्हटलं.

"आत?"

"आत कुणी नाही. रिकाम्या."

टेबलावर चाचपून बाईंनी पेन्सिल आणि कागद माझ्याकडे सरकवला. पेन्सिल मंदाची होती, मागं दातांच्या खुणा. "काढा," त्या म्हणाल्या.

मी काढलं. दार काढावं तशा चौकटी काढल्या, जोर देऊन. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, "भिया, चलना है क्या?" भाचीनं त्याला गप्प केलं. मी कागद बाईंच्या हातात दिला.

"कसं आलंय?"

त्यांना दिसणार नव्हतं. चांगलं आलंय म्हटलं असतं तर चाललं असतं.

"वाईट आलंय," मी म्हटलं. "मंदासारखं नाही. ओळी वाकड्या झाल्यात."

बाई हसल्या. "बूच आहे ते," त्या म्हणाल्या. "आता नाव सांगायला हरकत नाही."

मी त्यांना हाताला धरून टॅक्सीपर्यंत नेलं. हात हलका होता. त्या आत बसल्या, भाचीनं दार लावलं. मायक्रोस्कोप माझ्याकडे ठेवून गेल्या, मी नको म्हणत असताना. गल्ली अरुंद, टॅक्सीला मागं घेत घेत निघावं लागलं, म्हणून त्यांचं तोंड बराच वेळ माझ्याकडे होतं. पण त्या समोर बघत नव्हत्या. माझा कागद मांडीवर पसरला होता आणि पेन्सिल जिथं जोरानं उमटली होती तिथून त्यांचं बोट फिरत होतं, एका खोलीवरून दुसऱ्या खोलीवर, अगदी सावकाश.